पडवीत हालचाल

अण्णा, तुम्ही गेल्यापासून तुमच्या घरात फार वर्दळ आहे. माझा फोन दिवसभर गुरगुरत असतो. खाटेजवळ पाऊल. मागचं दार उघडलं. मागचं दार बंद. पडवीत हालचाल. पडवीत हालचाल. पडवीत हालचाल. हे शब्द मीच कधीतरी त्या पेटीत भरून ठेवले होते, तुमच्या एकट्यासाठी. आता ते सगळ्या गावासाठी येताहेत. मी आत माजघरात तांदूळ निवडत बसलेली असते आणि शेजारची शालनवयनी चहाची किटली घेऊन पायरी चढली की ती हाक मारायच्या आधी माझा फोन मला सांगतो की कुणीतरी आलं.

पेटी बंद करायला हवी. भाई दोनदा म्हणाला. मी हो म्हणते आणि उठत नाही.

तुम्हाला पडवीत ठेवलं होतं त्या संध्याकाळी मी फोन पदराखाली धरून बसले होते, आणि तो थांबतच नव्हता. बंदरावरून माणसं येत होती, देवबागेतून, आचऱ्याहून, ज्यांच्या होड्यांची इंजिनं तुम्ही कधीकाळी उघडून पुन्हा जोडली होती ते सगळे. दारावरच्या त्या सेन्सरला माणूस कोण ते कळत नाही, अंगाची ऊब हलली की त्याला कळतं एवढंच. आलेल्या प्रत्येकाची त्याने इमानाने नोंद घेतली. तुम्ही मधोमध होतात आणि त्याच्या लेखी तुम्ही नव्हतात. असं काहीतरी होईल हे यंत्र बनवणाऱ्या माणसाला आधी कळायला हवं होतं, पण मला ते त्या दिवशी कळलं.

मला आठवतं ते असं की मी सात-आठ वर्षांची आहे आणि कोळंबच्या खाडीत ओहोटी आहे. तुम्ही एका होडीत गुडघे टेकून बसला आहात. इंजिन चालू आहे. तुमच्या हातात तो हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर, त्याचं टोक इंजिनाला टेकवलेलं आणि मूठ तुमच्या कानाला लावलेली. डोळे मिटलेले. मी किनाऱ्यावरून बघते आहे आणि मला वाटतंय की अण्णा इंजिनाशी गुपित बोलताहेत. मग तुम्ही मला उचलून होडीत घेतलंत आणि ती मूठ माझ्या कानाला लावलीत. आयक, म्हणालात. बाहेर नुसता धडधडाट, आणि त्या लाकडी मुठीतून मात्र एक वेगळीच, बारीक, दुखरी करकर माझ्या डोक्यात शिरली. आत कुणीतरी दळण दळतंय, असं मी सांगितलं. तुम्ही इंजिन बंद केलंत, ते खोललंत आणि गेलेलं बेअरिंग काढून माझ्या तळहातावर ठेवलंत. फ्रॉकला लागलेलं ग्रीस बघून आई चिडली, आणि तुम्ही मात्र वाडीभर सांगत सुटलात की बायचो कान मिस्त्रीचो आसा.

त्या एका वाक्यावर मी पुढचं सगळं शिक्षण केलं. पुण्यात चोर पकडायची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला लागले तेव्हा तुम्हाला आनंद झाला, आणि थोडी गंमतही वाटली. कोळंबात चोर नाहीत, असं तुमचं म्हणणं होतं, त्यामुळे मुलीचा धंदा काही तुमच्या घरापर्यंत यायचा नाही.

आई गेली, आणि तो धंदा घरापर्यंत आलाच. तुम्हाला चक्कर येऊ लागली होती. हात कापायचे. गुडघ्यांनी होडीत उतरणं कधीच बंद केलं होतं. भाई तुम्हाला ठाण्याला नेतो म्हणाला, आणि त्यात त्याचं काय चुकलं होतं? सातव्या मजल्यावरचं घर, सुनेची माया, कोपऱ्यावर डॉक्टर. आठ दिवस राहून तुम्ही परत आलात. कसं काय वाटलं म्हणून विचारलं तर म्हणालात, थंय आवाज खूप, पण एकय माझो नाय. पुण्याला जावयाच्या घरी राहणं तुम्हाला पटणारं नव्हतंच. तुम्हाला पडवीतल्या खुर्चीत बसायचं होतं, खाडीतून बाहेर पडणाऱ्या होड्या डोळे मिटून कानाने ओळखायच्या होत्या, आणि तिथेच काय व्हायचं ते होऊ द्यायचं होतं. भाई म्हणत होता, एकट्याला ठेवणं म्हणजे आपण जबाबदारी टाळणं. मी म्हणत होते, उचलून नेणं म्हणजे जिवंतपणी उपटणं. मधे तुम्ही. तुमचं घर राहणार की जाणार, एवढाच प्रश्न होता, आणि तो मी यंत्राने सोडवायचं ठरवलं.

मे महिन्यात मी सामान घेऊन आले. कोळंबला मोबाईलची रेंज तेव्हा नुकती यायला लागली होती, तीही माळ्याच्या खिडकीत. पडवीच्या दारावर आणि स्वयंपाकघरात हालचाल ओळखणारे सेन्सर, मागच्या दाराला चुंबकाची कळ, खाटेजवळच्या पायपुसण्याच्या आत दाबाची पट्टी, आणि माळ्यावर सिमकार्ड घातलेली पेटी. तुम्ही सगळं हातात घेऊन फिरवून पाहिलंत. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून विचारलंत, "चोरांका सोडून बापाशीक धरूक लागलंस?"

पण काम सुरू झाल्यावर तुमच्याने राहवेना. दिवसाचे कित्येक तास वीज नसायची, त्यावर होडीची बॅटरी लावायची युक्ती तुमची. खारं वारं तांब्याला खातं म्हणून सगळ्या जोडांना पातळ ग्रीस चोळलंत तेही तुम्ही. वायरींना कथलाचा डाग देताना तुमचा हात कापत होता म्हणून मी मनगट धरलं, आणि आपण दोघांनी मिळून एकेक डाग दिला. आई गेल्यानंतर तुमचा हात इतका वेळ माझ्या हातात कधी नव्हता. ते चार दिवस मला आता कुणीतरी सांगितलेल्या गोष्टीसारखे वाटतात. घरापुढच्या खळ्यात आमसुलं वाळत होती, आपण दोघं वायरी सोलत होतो आणि कुणीही कुणाला घाई करत नव्हतं.

पहिल्या आठवड्यात शालनवयनीच्या मांजरीने तुमच्या नावावर इतक्या फेऱ्या मारल्या की मी पुण्यात बसून तुमच्या तब्येतीचं कौतुक करत होते. मग तुम्ही फोन करून मांजरीचं सांगितलंत आणि सेन्सर हातभर वर सरकवलात.

नंतरचे ते महिने. अण्णा, ते मी तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. ऑफिसात माझ्यासमोर दुसऱ्यांच्या बंगल्यांचे नकाशे पसरलेले असायचे आणि टेबलाच्या कडेला फोन. खाटेजवळ पाऊल, म्हणजे तुम्ही उठलात. मागचं दार उघडलं, म्हणजे विहिरीकडे. मग स्वयंपाकघर, म्हणजे पेज. मग पडवी. संदेश दोन-तीन शब्दांचा असायचा, पण तो आला की माझ्या पायांना आपल्या घराची सारवलेली जमीन लागायची. मी तुमच्या मागोमाग चालायचे. तुम्ही चुलीशी थांबलात की थांबायचे. उंबऱ्याशी तुमचा हात दाराच्या चौकटीवर टेकायचा ती जागा, तिथे लाकूड गुळगुळीत झालंय, ती माझ्या बोटांना कळायची. खिडकीबाहेर पुण्याचा रस्ता वाहत असायचा आणि मी भर दुपारी खाडीवर. सहकाऱ्यांना वाटायचं मी विचार करते आहे. मी लग्न होऊन घर सोडलं तेव्हापासून इतकी त्या घरात कधी राहिले नव्हते.

आणि तुम्ही कधीकधी फोन करायचात. हॅलो नाही, कशी आहेस नाही. फोनची वायर पडवीपर्यंत पोचत होती, तुम्ही रिसीव्हर खाडीकडे धरायचात. मी पुण्यात कान देऊन बसायची. लांबून एक इंजिन यायचं, समोरून जायचं, विरत जायचं. मग तुमचा आवाज, काय गो, काय बिघाडला तेचा? मी काहीतरी सांगायची. बहुतेकदा चुकायची. तुम्ही खूश व्हायचात, चुकले तरी खूश, बरोबर आलं तर जास्तच. आपलं एकमेकांची खुशाली विचारणं हे असं होतं.

भांडण मात्र आपलं तेव्हापासून चालू राहिलं आणि अर्धंच राहिलं. तुमचं म्हणणं असं की माझं यंत्र बहिरं आहे. त्याला हललं-नाही हललं एवढंच कळतं. इंजिन बंद पडलेलं काय, कुणालाही कळतं. मिस्त्री तो, ज्याला ते बंद पडायच्या आधी आठ दिवस कळतं. मी म्हणायची, अण्णा, दम धरा, पुढची यंत्रं चालीवरून ओळखतील, पाय कुठला ओढतोय तेही सांगतील. तुम्ही म्हणायचात, "तुझा यंत्र माका बघता, आयकना नाय." मला राग यायचा, कारण मी ज्या कामासाठी रात्रीचा दिवस केला त्यात तुम्हाला खोटच दिसत होती. आज त्या भांडणात माझ्याकडे एक चांगला मुद्दा आहे आणि तुम्ही उत्तर द्यायला नाही. माझा मुद्दा असा की मग तुम्ही तरी कुठे मला तुमच्या कानाला लावून आतलं ऐकू दिलंत.

त्या वर्षीची खंडेनवमी आठवली की मला अजून भीती वाटते, आणि हसूही येतं. सकाळी खाटेजवळ पाऊल. मागचं दार. मग काही नाही. स्वयंपाकघर नाही, पडवी नाही. तासाभराने पेटीचा इशारा आला, कुठेच हालचाल नाही. मी घरी फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. शालनवयनीला मासे विकायच्या धंद्यासाठी मोबाईल घेऊन दिलेला होता, तिला लावला, तर ती देवीच्या देवळात ओटी भरायला गेलेली. तिने ओटीचं ताट तसंच गुरवाच्या हातात दिलं आणि धावत सुटली. ती धावते म्हणून देवळातल्या बाया धावल्या, बाया धावतात म्हणून बापये. त्या दहा मिनिटांत मी भाईलाही फोन करून टाकला. तेवढं मी करायला नको होतं.

आणि तुम्ही पडवीत खुर्चीवर बसून आंब्याच्या पानांचं तोरण ओवत होतात. आत माजघरात पाटावर तुमची सगळी हत्यारं मांडलेली. पाने, हातोडे, तो लांब स्क्रूड्रायव्हर, आणि त्यांच्या शेजारी नीट ओळीने माझे सेन्सर, खाटेजवळची पट्टी, दाराची कळ. सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडूचं एकेक फूल. वायर काढलेला टेलिफोनही पाटावर, त्यालाही फूल. खंडेनवमीला हत्यार पुजायचं आणि त्या दिवशी त्याला कामाला लावायचं नाही, हे तुम्ही जन्मभर पाळलंत. माझं यंत्र तुमच्या घरी कामाला होतं, म्हणून तुम्ही त्याला त्या दिवशी स्वतःच्या हाताने सोडवून पाटावर बसवलंत. पेटी माळ्यावर होती, तिथवर तुम्हाला चढता आलं नाही. नाहीतर तीही खाली आली असती आणि मला इशाराही आला नसता.

मी नंतर फोनवर तुम्हाला नको नको ते बोलले. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "गो बाय, वर्सभर राखण करता ता माझी. एक दिस तेका सुटी नको?"

मला तेव्हा ते पोरकट वाटलं. आज वाटतं की माझ्या यंत्राला यापेक्षा मोठा मान कुणी दिला नाही, देणारही नाही. तुम्ही त्याला बहिरं म्हणायचात आणि आपल्या हत्यारांच्या पंगतीला बसवायचात. हे मी तुम्हाला तेव्हाच म्हणायला हवं होतं.

पण भाईला कळायचं ते कळलं होतं. दिवाळीला तो आला तो ठरवूनच. फराळाचं ताट बाजूला सारून त्याने सांगितलं की असल्या बिनभरवशाच्या डब्यावर तो बापाला सोडणार नाही. मी भांडले. बरंच वाजलं आमचं. तुम्ही लाडू फोडून त्यातले बेदाणे वेचून खात होतात. शेवटी भाई तुमच्याकडे वळला आणि म्हणाला, "एकदाच सांगतंय. एकदा जरी पडलात, तर मी आयकूचंय नाय. सरळ ठाण्याक." तुम्ही मान वर करून त्याच्याकडे पाहिलंत. "बरा," म्हणालात. "शब्द दिलंय."

माघात तुम्ही पडलात.

मागचं दार उघडलं, आणि बंद झाल्याचा संदेश आला नाही. वीस मिनिटं मी वाट पाहिली. मग शालनवयनीला फोन केला. ती माशांची पाटी डोक्यावर घ्यायच्या बेतात होती, ती तशीच ठेवून मधल्या दगडी गडग्यावरून उडी मारून आली. पडलेला नारळ उचलायला तुम्ही वाकलात आणि विहिरीशेजारच्या धोंडीवर कोसळलात. कपाळ खरचटलं, मनगट सुजलं, हाड सलामत. दुसऱ्या दिवशी मी पोचले तर तुम्ही पंचा गळ्यात अडकवून त्यात हात टाकून बसलेले, आणि चेहऱ्यावर शाळेत उशिरा पोचलेल्या मुलाचा भाव.

यंत्राने काम चोख केलं होतं. वीस-पंचवीस मिनिटांत माणूस पोचलं होतं. पण ते कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण सांगितलं की तुमचं घर सुटणार. मी पायरीवर बसून ठरवलं. शालनवयनीला गळ्याची शपथ घातली. मग तुम्हाला म्हटलं की भाईला यातलं काही सांगायचं नाही. तुम्ही खाडीकडे पाहिलंत. एक होडी भरतीवर आत येत होती. मग हळूच म्हणालात, "तुका बरा दिसता तसा कर."

मी समजले की तुम्ही मला दुवा दिलात.

त्यानंतर माझं भाईशी बोलणं बदललं. त्याचा फोन आला की मी आधी शब्द तोलायची. अण्णा कसे आहेत या साध्या प्रश्नात मला पोलीस दिसायचा. तो तुम्हाला घेऊन जायला टपलाय अशी माझी खात्री होती, आणि वर्षभराहून जास्त मी माझ्या सख्ख्या भावाला पाण्यात पाहिलं. पेटीचीही भीती वाटायला लागली. तुम्ही पडवीत बसायचात ते आता जास्त वेळ, जास्त निश्चल. तुम्ही होड्या ऐकत असायचात, आणि सेन्सरला वाटायचं तिथे कुणी नाही. तासभर हालचाल दिसली नाही की इशारा. मी फोन करायची, तुम्ही उचलायचात, हयच आसंय, म्हणायचात. एकदा असाच इशारा आला, तुम्हाला डोळा लागला होता, शालनवयनी धावली, आणि तिच्या पाठोपाठ वाडीतली चार माणसं. त्यातल्या एकाचा भाऊ ठाण्यातच राहतो. ही बातमी आज ना उद्या भाईपर्यंत जाणार.

म्हणून गणपतीला आले तेव्हा मी माळ्यावर चढले आणि पेटीत पडवीच्या इशाऱ्याची मुदत वाढवली. एका तासाचे तीन तास केले. तुम्ही खालून शिडी धरून उभे होतात. काय करतंस गो, म्हणून विचारलंत. मी म्हटलं, काही नाही, धूळ पुसते.

तुमच्या शेवटच्या सकाळचं मला सगळं माहीत आहे आणि काहीच माहीत नाही. खाटेजवळ पाऊल. मागचं दार उघडलं, मागचं दार बंद. स्वयंपाकघर. मग पावणेआठला पडवीत हालचाल. बाहेर चैत्रातलं ऊन कोवळं असणार. होड्या परतत असणार. मी नेहमीसारखी तुमच्या मागोमाग पडवीत आले आणि तुमच्या खुर्चीच्या पाठीमागे उभी राहिले, तिथे पुण्यात, चहाचा कप हातात घेऊन. मग मला बैठकीला बोलावलं. फोन माझ्या मांडीवर होता. एक तास गेला. दुसरा गेला. मधे एकदा मनात आलं की आज फारच ऐकत बसलेत. दहा वाजून गेल्यावर फोन थरथरला. पडवीत हालचाल. मला इतकं बरं वाटलं, अण्णा. उठले एकदाचे, असं मी मनात म्हणाले, आणि समोर बोलणाऱ्या साहेबाकडे बघून चक्क हसले.

ती शालनवयनी होती. बांगडे द्यायला आली होती. मिनिटाभराने तिचा फोन आला.

डॉक्टर म्हणाले की क्षणात झालं असणार. शेजारी कुणी बसलेलं असतं तरी काही करता आलं नसतं. तुमचा चेहरा शांत होता, मान जराशी खाडीकडे कललेली. सगळे म्हणतात मरण यावं तर असं यावं. मीही मान डोलावते. पण तुम्ही अडीच तास त्या खुर्चीत एकटे होतात, आणि तेवढा वेळ माझ्या हिशेबी तुम्ही होड्या ऐकत होतात. तासाची मुदत असती तर पावणेनऊला इशारा आला असता. तुम्ही गेलाच असतात, पण एकटे बसून राहिला नसतात. हे दुखणं कुठल्या डॉक्टरच्या बोलण्याने जाणारं नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सांजवेळेला पाहुणे पांगले. भाई आणि मी पडवीत बसलो होतो. तुमच्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं. माझ्याने राहवेना. मी म्हटलं, "भाई, गेल्या वर्षी माघात अण्णा पडले होते. मी तुझ्यापासून लपवलं."

तो खाडीकडेच बघत होता. म्हणाला, "म्हायत आसा माका. तेंनी त्याच सांजेक फोन केल्यानी."

मी पुण्याहून निघायच्या आधीच तुम्ही त्याला सांगून मोकळे झाला होतात. दिगू, मी पडलंय, तुका शब्द दिल्लंय, कधी येव ता सांग, एवढंच. रडगाणं नाही, विनवणी नाही. भाई सांगत होता की तुम्ही जरा जरी गयावया केली असती तर तो दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आला असता. पण तुमच्या आवाजामागून त्याला एक इंजिन ऐकू आलं, आणि त्याने उगाच विचारलं की ही कोणाची होडी. तुम्ही नाव सांगितलंत, आणि तिचा व्हॉल्व सैल झालाय, उद्या मालकाला निरोप धाडतो, तेही सांगितलंत. मग पुढे त्याच्याने बोलवेना. तो तुम्हाला म्हणाला, येव नकात, थंयच रवात.

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस. भाईने तोंडावरून हात फिरवला.

"तुका भय व्हया होता," तो म्हणाला. "माझा भय आसला तर तू डोळ्यात तेल घालून बघशीत, म्हटलंय. अण्णांका मीच सांगलंय, तिका कळू देव नकात."

अण्णा, तुम्ही घरात राहिलात ते भाईमुळे. माझ्या यंत्रामुळे नाही, माझ्या खोटेपणामुळे तर नाहीच नाही. तुम्ही शब्दाला जागलात, त्याने तुम्हाला शब्दातून सोडवलं, आणि दोघांनी मिळून मला वाटू दिलं की ही सगळी माझीच करामत. मी भाईला इतके दिवस वैरी समजले, आणि तुम्ही फोनवर माझ्याशी इंजिनांचं बोलत राहिलात. मी रागावले आहे तुमच्यावर. तुम्ही परत या, मी अजून रागावेन.

मग भाईने विचारलं. तो फार थकलेला दिसत होता, तुमच्यासारखाच गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला. "यंत्रान काय दगो दिलो नाय मा?"

मी म्हटलं, नाही. यंत्राने दगा दिला नाही. कधीही कळलं असतं तरी काही उपयोग नव्हता, डॉक्टर म्हणाले ना. त्याने मान हलवली आणि डोळे पुसले, आणि मला दिसलं की त्याच्या मनावरचा एक धोंडा उतरला.

त्याच्याच भयाने मी एका तासाचे तीन तास केले, हे मी त्याला सांगितलं नाही. सांगणारही नाही. हे तुमच्या-माझ्यात आहे, अण्णा. आणि या वेळी तुम्हाला सांजेला फोन करून त्याला सांगून टाकता येणार नाही.